पत्ते ती पिसते, पण निर्णय कोण घेतं?

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी धाकटी बहीण २९ वर्षांची आहे. ती सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि दुसऱ्या शहरात एकटी राहते. दीड वर्षापूर्वी आमची आई गेली आणि तेव्हापासून ही टॅरोकडे, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याकडे, वळली. रोज सकाळी एक पत्ता काढते आणि त्यावर दिवस ठरवते. पाच चषकांचा एकच पत्ता महिन्यात तीनदा आला, हा योगायोग असूच शकत नाही, असं ती म्हणते. मैत्रिणींसोबत प्लँचेट केलं, तर आई तिला ज्या लाडक्या नावानं हाक मारायची ते नाव आलं. आता व्हिडिओ कॉलवरच्या एका रीडरनं 'तुझ्यावर सावट आहे' असं सांगून सात सत्रांचं 'शुद्धीकरण' सुचवलंय. दोन सत्रांचे पैसे तिनं भरलेसुद्धा. तीच रीडर तिला नोकरी सोड म्हणतेय, आणि राजीनाम्याचं महिनाभरात ठरवायचंय. 'इतकी शिकलेली असून' असं मी बोलून गेले, तेव्हापासून ती माझे फोन टाळते. आणखी एक गोष्ट आहे. भांडणाच्या आधी तिनं माझंही रीडिंग केलं होतं. 'तू घरासाठी स्वतःची एक मोठी इच्छा मागे ठेवलीस. बाहेरून खंबीर दिसतेस, पण आत एक निर्णय तुला पोखरतोय,' असं ती म्हणाली. नोकरी सोडून पुढं शिकावं हा विचार माझ्या मनात आहे, पण तो मी कुणालाच सांगितलेला नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. तिला यातून बाहेर कसं काढू? आणि माझं काय?

उत्तर : सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करू. तो तुम्ही शेवटी लिहिलात, पण पत्रातली सगळी घालमेल त्यातूनच येतेय.

बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवून घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं, की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता आणि त्यातली वाक्यं बरीचशी राशिभविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. तुमच्या रीडिंगमधली वाक्यं या नजरेनं पुन्हा वाचा. घरची जबाबदारी उचललेल्या किती बायकांना ती लागू पडणार नाहीत? 'एक निर्णय' एवढंच तिनं सांगितलं. नोकरी सोडून शिकायचं, हा तपशील तुम्ही भरलात. आपण ऐकताना रिकाम्या जागा स्वतःच्या आयुष्यानं भरतो आणि नंतर आठवताना सगळं समोरच्यानंच सांगितलं होतं असं वाटतं.

पण एवढ्यावर थांबणं तिच्यावर अन्याय ठरेल. तुमची बहीण तुम्हाला जन्मापासून ओळखते. तुम्ही शाळेबद्दल बोलताना आवाज कसा पडतो, कुठल्या विषयावर गप्प होता, हे तिनं टिपलेलं असणार, भले तिला स्वतःला ते जाणवलं नसेल. पत्त्यांनी तिला ते बोलून दाखवायची सवड दिली. कुणीतरी आपल्याला इतकं नीट पाहिलं, म्हणून तुम्ही हादरलात. त्यासाठी पत्त्यांवर विश्वास ठेवायची गरज नाही आणि ते नाकारायचीही नाही.

आता 'इतकी शिकलेली असून'. या वाक्यामागे एक गृहीतक आहे. गूढाचं आकर्षण म्हणजे जुन्या अज्ञानाचा उरलेला अंश, आणि शिक्षण वाढलं की तो आटत जाणार, असं आपण धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारे विल्यम क्रुक्स, डार्विनसोबत नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस, बिनतारी संदेशवहनावर काम करणारे ऑलिव्हर लॉज, हे तिघंही मृतांशी संवाद होतो असं मानत. लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्याशी झालेल्या तथाकथित संवादांवर पुस्तक छापलं. बुद्धी त्यांच्याकडे भरपूर होती. शिकलेला माणूस आपल्या समजुतीसाठी अधिक सफाईदार कारणं शोधू शकतो, इतकाच काय तो फरक.

आणि हे सगळं वाटतं तितकं प्राचीनही नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आले. त्यात इजिप्तचं गुप्त ज्ञान दडलंय, ही कल्पना १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकानं मांडली, तीही पुराव्याशिवाय. मोर्सची तार १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर धावली आणि चारच वर्षांत, १८४८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींच्या घरात मृतात्मे 'टकटक' करून उत्तरं देऊ लागले. दूरवरचा अदृश्य माणूस ठोक्यांतून बोलतो, हे लोकांनी तारेच्या रूपानं नुकतंच पाहिलं होतं. दर नव्या यंत्रासोबत गूढविद्या नवा वेश घेते. आज 'हा व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोचला म्हणजे तो तुझ्यासाठीच आहे' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात बहिणीनं तसा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला असतो, म्हणून दुसरा पुढं येतो. पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसला आणि आठवडाभर अशा व्हिडिओंवर 'रस नाही' दाबत राहिलं की ही 'हाक' बरीच क्षीण होते. हे तिला सांगू नका, स्वतःच्या फोनवर करून बघा. तुम्हीही त्या रात्रीनंतर असे व्हिडिओ शोधले असतील, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग हे टिकतं कशावर? मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर पाहिलेली एक गोष्ट मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर वाटते. बेटांलगतच्या शांत खाजणात मासे भरवशानं मिळत, तिथं कोळी मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात जीव धोक्यात असे आणि मासे मिळतीलच याची खात्री नसे, तिथं मात्र सगळे विधी चोख होत. माणसं तीच, त्यांचं ज्ञानही तेच. आपलं कौशल्य जिथं संपतं आणि तरी कृती करावीच लागते, तिथं माणूस विधी करतो. तुमच्या बहिणीला नोकरीतला संगणक दुरुस्त करायचा असेल तर ती पत्ते काढत नाही. आई परत येणार नाही, पुढचं आयुष्य कुठल्या शहरात घालवायचं हे कोणतंही सूत्र सांगत नाही, आणि संध्याकाळी घरी बोलायला कुणी नाही, अशा ठिकाणी ती पत्ते काढते.

म्हणून 'ती विश्वास कसा ठेवते' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तीन गोष्टी वेगळ्या करून बघा : सकाळचा पत्ता, प्लँचेट आणि पैसे घेणारी रीडर. तुमच्या रागात या तिन्ही एक झाल्यात, आणि पहिलीवर केलेला हल्ला तिला तिसरीच्या जवळ ढकलतो.

सकाळच्या पत्त्याचं ओझं सगळ्यात हलकं. त्यातलं गणित मात्र तुम्ही समजून घ्या. टॅरोच्या गड्डीत ७८ पत्ते असतात. रोज सगळे नीट पिसून एक पत्ता काढला, तर आधीच ठरवलेला एखादा विशिष्ट पत्ता ३० दिवसांत तीन किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता सुमारे १५० महिन्यांत एकदा इतकी कमी आहे. पण तिनं आधी ठरवलं नव्हतं. 'कुठलातरी' पत्ता तीनदा येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के आहे, आणि कुठलातरी पत्ता दोनदा येण्यासाठी ११ दिवस पुरतात, तिथंच शक्यता निम्म्याच्या वर जाते. शिवाय टॅरोचे पत्ते मोठे आणि जाड असतात, हातात नीट पिसले जात नाहीत. कालचा पत्ता वर ठेवून चार वेळा ढीग इकडचा तिकडे केला, तर तो वरच्या भागातच घोटाळतो.

हे गणित तिच्या तोंडावर फेकू नका. त्याऐवजी तिला विचारा, त्या पत्त्यात तुला काय दिसतं? तुमच्या दोघींच्या दृष्टीनं तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. १९०९ मध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या, आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या चित्रांत पाच चषकांवर काळी शाल पांघरलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. समोर तीन चषक कलंडलेत आणि पाठीमागं दोन उभे आहेत. आई गेलेल्या मुलीला हा पत्ता लक्षात राहणारच, बाकीचे आले तसे विसरले जाणार. ती त्या चित्राबद्दल बोलू लागली की आईबद्दल बोलेल. तेव्हा टॅरो खरं की खोटं हा विषय काढायचा नाही.

प्लँचेटमध्ये लाडाचं नाव कसं आलं, हे मात्र तुम्ही हातानं करून पाहण्यासारखं आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्ये, टेबल आपोआप फिरतं म्हणणाऱ्या प्रामाणिक लोकांच्या हातांखाली पुठ्ठ्यांचे थर ठेवले, मध्ये मऊ चिकट गोळ्या लावल्या. टेबलानं हात ओढले असते तर खालचे पुठ्ठे आधी सरकले असते. सरकले वरचे. म्हणजे हात टेबलाला ढकलत होते. मग त्यांनी हातांचा दाब दाखवणारी एक काडी बसवली, आणि ती डोळ्यांसमोर असताना टेबल हलेचना. कुणी लबाडी करत नव्हतं. अपेक्षा असली की स्नायू आपल्याला न कळवता हलतात.

तुम्ही घरी असं करा. २५ सेंटिमीटर दोऱ्याला अंगठी किंवा १०-१५ ग्रॅमचा नट बांधा. कागदावर १० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. पंखा बंद. दोऱ्याचा पीळ सुटू द्या, नाहीतर अंगठी गरगरत राहते. कोपर टेबलावर न टेकता दोरा चिमटीत धरा, नजर आडव्या रेघेवर फिरवा आणि 'आडवा' असं मनात म्हणत राहा. हात मुद्दाम हलवायचा नाही. बहुतेकांचा लोलक मिनिटभरात आडवा झुलू लागतो. या लांबीच्या लोलकाचा आवर्तकाल जवळजवळ एक सेकंद असतो, आणि त्या ठेक्यात बोटांचे अगदी सूक्ष्म झटके साठत जातात, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला वेगळं सांगायला नको. आता डोळे मिटून तेच करा आणि शेजारच्याला बघायला सांगा. झुलणं मंदावतं किंवा भरकटतं. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं डोळे बांधून हेच पाहिलं आणि १८३३ मध्ये प्रसिद्ध केलं.

पुढची पायरी अधिक कडक आहे. सहा अपारदर्शक पेले उपडे ठेवा. तिसऱ्या व्यक्तीनं फासा टाकून येईल त्या क्रमांकाच्या पेल्याखाली नाणं ठेवायचं आणि खोलीबाहेर जायचं. लोलकाला विचारून पेला निवडा, उत्तर कागदावर लिहा, मगच उघडा. असं १२ वेळा. निव्वळ नशिबानं साधारण २ बरोबर येतात, ६ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. चुका नेहमी त्याच होतात : नाणं ठेवणारा खोलीतच थांबतो आणि त्याचा चेहरा बोलतो, फासा न टाकता मनानं जागा निवडली जाते (मग मधले पेले जास्त येतात), चुकलेला डाव 'तेव्हा लक्ष नव्हतं' म्हणून सोडून दिला जातो, किंवा दोन बरोबर आले की तिथंच थांबतात. डावांचा आकडा आधी ठरवा आणि तो बदलू नका.

प्लँचेटचीही अशीच चाचणी असते. सगळ्यांचे डोळे बांधून अक्षरांचा कागद कुणीतरी गुपचूप फिरवायचा आणि आलेली अक्षरं टिपायची. मृतात्मा पाहत असेल तर शब्द नीट यायला हवेत. येते ती निरर्थक जुळणी. पण माझी कळकळीची विनंती आहे, ही चाचणी आईचं नाव घेऊन, बहिणीवर करू नका. त्या मुलीच्या बोटांनी आईची हाक लिहिली, कारण ती हाक तिला पुन्हा ऐकायची होती. तो क्षण खोटा पाडून तुम्हाला काहीही मिळणार नाही. तिनं आपणहून विचारलं, तर लोलकाचा प्रयोग तिच्यासोबत खेळासारखा करा.

आणि प्रयोगानं आकर्षण संपेल, अशी आशाही धरू नका. १८८८ मध्ये त्याच फॉक्स बहिणींपैकी मार्गारेटनं न्यूयॉर्कमध्ये भरल्या सभागृहात पायाच्या बोटांचे सांधे वाजवून ती 'टकटक' करून दाखवली. पुढच्या वर्षी तिनं ही कबुली मागेही घेतली. मृतात्म्यांशी बोलण्याची चळवळ दोन्हीनंतर चालूच राहिली.

आता रीडर. इथं माझा सूर बदलतो. पत्ते वाचून गप्पा मारणारे अनेक जण मनापासून करतात आणि एका बैठकीचं ठरलेलं मानधन घेतात. पण आधी संकट दाखवायचं, मग त्यावरचा उपाय आपणच विकायचा, ही फसवणुकीची जुनी आणि ठरलेली रीत आहे. पहिली बैठक स्वस्त, तिच्यात घरची माहिती काढली जाते. मग सावट, शाप, कुणाचीतरी वाईट नजर. उपाय टप्प्याटप्प्यानं, कारण भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. 'मध्येच सोडलंस तर उलटेल' असं सांगितलं जातं आणि 'कुणाला सांगू नकोस, त्यांची शंका आड येते' असंही. त्यापुढं नोकरी, नातं, औषधं यांविषयी हुकूम सुरू होतात. तुमच्या पत्रात यातल्या तीन गोष्टी आहेत : सावट, सत्रांची मालिका आणि नोकरीबद्दलचा हुकूम. उरलेल्यांची चौकशी करा.

बहिणीला 'ती भोंदू आहे' म्हणू नका. तिला रीडरकडे हे प्रश्न लेखी विचारायला सुचवा : एकूण खर्च किती आणि त्यापलीकडे काही लागणार नाही हे लिहून द्याल का? सावट गेलं हे कशावरून ओळखायचं, आणि सात सत्रांनंतर गेलं नाही तर काय? तिसरं सत्र दोन महिने पुढं ढकललं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बारकाईनं ऐका. घाई आणि भीती दाखवली गेली, तर ते तिचं तिलाच दिसेल. तोवर संदेश, पावत्या, व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पैसे जाऊन फार दिवस झाले नसतील तर बँकेकडे लगेच तक्रार करावी. धमकी आली तर पोलिसांकडे जावं आणि पुढं एकही रक्कम भरू नये. पैसे परत मिळवून देतो म्हणत जो नवा माणूस येतो, तो बहुधा त्याच टोळीतला असतो किंवा त्यांची यादी विकत घेतलेला.

राजीनाम्याबद्दल तिला एवढीच अट घालून घ्यायला सांगा, की पत्ता उलटण्याआधी स्वतःचं उत्तर तारखेसकट लिहायचं. नोकरी सोडली तर किती महिने चालेल, पुढं काय, तिथं राहायचं नसण्याचं खरं कारण कोणतं. मग पत्ता बघायचा. मनासारखा पत्ता आला नाही म्हणून जीव खट्टू झाला, तर उत्तर आधीच ठरलेलं होतं, हे तिचं तिला कळेल. अशा वापरात पत्ते मन मोकळं करायला उपयोगी पडतात. लिहिलेलं पान आणि पत्ता यांत फरक पडला तर काय करायचं, हेही आधी लिहावं, आणि ते पान रीडरला दाखवू नये. निर्णय कोण घेतंय हे त्यावरून स्पष्ट होतं. कदाचित नोकरी सोडणंच तिच्यासाठी बरोबर असेल. रीडरनं सांगितलं म्हणून ते चूक ठरत नाही.

प्रकृतीबद्दल थोडं. गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं हे शोकात अनेकांना होतं, त्याला आजार समजू नये. पण आवाज हुकूम देऊ लागले, कुणीतरी आपले विचार वाचतंय असं ती म्हणू लागली, कित्येक रात्री झोप नाही, जेवण सुटलं, चालू औषधं बंद केली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'मला आईकडे जायचंय' असं काही बोलली तर वाट पाहू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि फोन. ती उचलत नसेल तर लिहा. 'तू माझं जे रीडिंग केलंस ते खरं होतं. मला नोकरी सोडून शिकायचंय, अजून कुणाला बोललेले नाही. तुला सांगायचंय,' एवढंच पुरे. टॅरोबद्दल एक शब्दही नको, शिकवण नको, माफीचं लांबण नको. 'इतकी शिकलेली असून' हे वाक्य मात्र मागे घ्या, तेही एकाच ओळीत. उत्तर यायला आठवडा लागला तरी दुसरा संदेश घाईनं पाठवू नका. ती बोलायला आली, तर पहिल्या फोनवर आईबद्दल आणि तुमच्या शिकण्याबद्दल बोला. रीडरला विचारायचे प्रश्न दुसऱ्या फोनला, तिसऱ्या सत्राची तारीख येण्याआधी.